सहकारी आणि साथीदार

रोडपालीहून शिरढोणला जायचे तर पळस्पे आधी लागते. कळंबोलीचा चौक ओलांडावा, पनवेल शहर बाजूला टाकावे, पळस्पे फाट्यावर पुण्याचा रस्ता सोडून गोव्याचा धरावा, की थोड्याच वेळात कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो आणि शिरढोण येते. वासुदेव बळवंत फडके यांचे हे जन्मगाव. त्यांचा वाडा तेथे जतन केलेला आहे, आणि १७ फेब्रुवारीच्या पुण्यतिथीला शाळांची मुले तेथे नेली जातात. पळस्पे म्हटले की मात्र आपल्याला आठवते ती वाहतूक कोंडी आणि फाट्यावरचा बटाटेवडा. आम्हीही रोडपालीत राहायला आल्यापासून कितीतरी वेळा हा रस्ता याच बुद्धीने तुडवला. पुढे फडक्यांच्या आत्मवृत्ताचे वाचन करताना ध्यानात आले, की त्यांच्या बंडातला सर्वांत मोठा दरोडा त्यांच्या जन्मगावाच्या इतक्या जवळ, याच पळस्प्याला पडला होता, आणि त्याचे नेतृत्व फडक्यांकडे नव्हतेच. ते होते दौलतराव नाईक या रामोशी सरदाराकडे. या दोघांचे नाते नेमके कोणत्या प्रकारचे होते, या प्रश्नाने आमचा पिच्छा पुरवला. प्रस्तुत लेखन त्यातूनच झाले आहे.

प्रथम शब्दांविषयी. एकत्र काम करणाऱ्या माणसाला मराठीत शब्दांची वाण नाही. सहकारी, सोबती, जोडीदार, गडी, सवंगडी, साथीदार. पण हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. कचेरीत शेजारच्या मेजावर बसतो तो सहकारी. संस्था काढताना, नियतकालिक चालवताना बरोबर असतो तोही सहकारी. वर्तमानपत्रात दरोड्याची बातमी येते तेव्हा मात्र ‘एकास अटक, साथीदार फरार’ असेच छापून येते. ‘सहकारी फरार’ असे आम्ही अद्याप वाचलेले नाही. (समाजवाद्यांनी ‘साथी’ या शब्दाला मानाचे स्थान दिले हे खरे, पण ‘दार’ प्रत्यय लागताच तो शब्द पुन्हा पोलीस ठाण्यात जाऊन बसतो.) फडक्यांवरची कोणतीही चार पुस्तके उघडावीत. पुण्यातील त्यांच्या मंडळींना बहुधा ‘सहकारी’ म्हटलेले असते आणि रामोश्यांना ‘साथीदार’ किंवा सरसकट ‘टोळी’. ही विभागणी कोणी ठरवून केली असेल असे आम्हांस वाटत नाही. ती भाषेनेच केली, आणि म्हणूनच ती अधिक विचारात घेण्याजोगी आहे.

फडक्यांना आयुष्यात तीन प्रकारचे सहकारी लाभले. पहिले कचेरीतले. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी जन्मलेला हा तरुण मुंबईत आधी रेल्वेत, मग ग्रँट मेडिकल कॉलेजात अशा किरकोळ नोकऱ्या करून लष्कराच्या कमिसरियट एक्झामिनरच्या कचेरीत कारकून म्हणून लागला, आणि १८६५ च्या सुमारास पुण्यास बदलून आला. एक्झामिनरची कचेरी म्हणजे लष्कराच्या रसदखात्याचा खर्च तपासण्याचे ठिकाण. धान्य, वैरण, जनावरे, गाड्या यांची बिले आणि ती बरोबर आहेत की नाहीत हे पाहणारी माणसे. पुढे ज्याने साम्राज्य उलथवण्याची योजना आखली त्याने उमेदीची दीड दशके या साम्राज्याच्या फौजेचे हिशेब तपासण्यात घालवली, ही गोष्ट चरित्रकार एका वाक्यात उरकतात. आम्हांस ती इतकी किरकोळ वाटत नाही.

या कचेरीतली एकच घटना सर्वांना माहीत आहे. १८७० च्या सुमारास आई आजारी असल्याचे कळले, रजेचा अर्ज केला, तो वेळेवर मंजूर झाला नाही. फडके शिरढोणला पोचले तेव्हा आई गेलेली होती. पुढच्या वर्षी वर्षश्राद्धासाठी रजा मागितली तर तीही नाकारली गेली. ‘गुलामगिरीची जाणीव’ या मथळ्याखाली ही घटना शाळेच्या पुस्तकांतून येते. जाणीव झाली असेलच. पण नोकरी करणाऱ्या माणसाने ही घटना वाचावी म्हणजे तिच्यात आणखी काही दिसते. रजा नाकारली जाते तेव्हा ती एकट्या साहेबाकडून नाकारली जात नाही. अर्ज कोणाच्या तरी मेजावरून दुसऱ्या मेजावर जायचा असतो. कोणी तरी तो वर सरकवायचा असतो, कोणी तरी शेजाऱ्याचे काम दोन दिवस आपल्या अंगावर घ्यायचे असते. त्या कचेरीत फडक्यांच्या शेजारी बसणारे कोण होते, त्यांतल्या कोणी ‘तुम्ही निघा, मी पाहतो’ असे म्हटले की नाही, याचा मागमूस चरित्रांत लागत नाही. चरित्रांच्या दृष्टीने तेथे एक फडके होते आणि एक साहेब होता. मधली माणसे गळाली. चरित्र हा वाङ्मयप्रकारच असा आहे की त्याला नायक आणि प्रतिनायक पुरतात, शेजारच्या मेजाची त्याला गरज भासत नाही.

दुसरे सहकारी शाळेतले. वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्याबरोबर फडक्यांचे नाव पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशनच्या संस्थापकांत घेतले जाते. तीच संस्था पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी म्हणून वाढली, आणि ‘भावे स्कूल’ हे नाव पुणेकरांच्या तोंडी कायम राहिले. हे सहकार्य समानांचे होते. तिघे एकाच समाजातले, एकाच शहरातले, एकाच पद्धतीने शिकलेले. त्यांच्यात मतभेद झाले असते तरी ते ठरावात लिहिले गेले असते आणि आज आपल्याला वाचता आले असते. याच काळात न्यायमूर्ती रानड्यांची देशी व्यापारावरची व्याख्याने आणि सार्वजनिक काकांची स्वदेशीची चळवळ पुण्यात गाजत होती. फडके ती ऐकणाऱ्यांत होते. पण ज्या मंडळींबरोबर त्यांनी शाळा काढली त्यांच्याबरोबर बंड काढता येण्यासारखे नव्हते, हेही त्यांनी लवकरच ओळखलेले दिसते. १८७६-७७ च्या दुष्काळाने दख्खन होरपळून निघाले. फडक्यांनी ते हिंडून पाहिले, सावकारांकडे आणि सुशिक्षितांकडे हात पसरून पाहिला, आणि रिकाम्या हातांनी परत आले. मग ते रामोश्यांकडे वळले.

येथे रामोश्यांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण फडक्यांच्या कथेत ते ‘आले’ असे आपण वाचतो, जणू ते फडक्यांची वाटच पाहत बसले होते. पेशवाईत गडकोटांच्या चौक्या आणि गावांची राखण ही रामोश्यांकडची वतनाची कामे होती. १८१८ नंतर गड ओस पडले, राखणीचे हक्क कापले गेले. १८२० च्या दशकात पुरंदरच्या परिसरात उमाजी नाईकांनी जे बंड मांडले त्याचे मूळ यात आहे. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात उमाजींना फाशी झाली. त्यांचा पाठलाग करणाऱ्या कॅप्टन मॅकिंटॉशने कैदेतल्या उमाजींशी बोलून रामोशी जमातीवर एक पुस्तक लिहिले आणि ते १८३३ मध्ये छापले गेले. म्हणजे फडके रामोश्यांकडे गेले तेव्हा त्या लोकांच्या गाठीला अर्धशतकाचा बंडाचा अनुभव होता. घाटवाटा, रात्रीची चाल, कोणत्या गावात भाकरी मिळेल आणि कोणत्या गावचा पाटील फितूर आहे, या विद्येत कारकून असलेले फडके शिकाऊ उमेदवार होते आणि दौलतराव जाणकार. नेतृत्व फडक्यांचे आणि कसब रामोश्यांचे, अशी ही जोडणी होती.

१८७९ च्या फेब्रुवारीत, २३ तारखेला, शिरूर तालुक्यातल्या धामारीवर पहिला दरोडा पडला. त्या वेळी फडक्यांबरोबर पुण्याची गोपाळ हरि कर्वे, विष्णु गद्रे यांच्यासारखी तरुण मंडळी होती आणि रामोशी होते. पुढचे काही आठवडे पुणे आणि सातारा जिल्ह्यांत असेच प्रकार होत राहिले. पैसा उभा करायचा, पैशातून माणसे उभी करायची, त्या माणसांच्या लहान तुकड्या चारी दिशांना पाठवून टपाल, तारा आणि रेल्वे तोडायची, तुरुंग फोडायचे, अशी फडक्यांची योजना होती. ती त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे.

हे ‘लिहून ठेवली आहे’ महत्त्वाचे आहे. बंडाच्या धामधुमीत फडक्यांनी आत्मवृत्त लिहिले आणि रोजनिशीही ठेवली. आत्मवृत्ताचे लेखन श्रीशैल मल्लिकार्जुनाच्या क्षेत्री झाले. हे कागद पोलिसांच्या हाती लागले, त्यांचे इंग्रजी भाषांतर झाले, खटल्यात ते पुरावा म्हणून उभे राहिले, आणि १९५७ मध्ये मुंबई सरकारने स्वातंत्र्यचळवळीच्या साधनांचा जो पहिला खंड काढला त्यात ते छापले गेले. मराठीतल्या एका आरंभीच्या राजकीय आत्मवृत्ताचा प्रवास असा आरोपीच्या झोळीतून सरकारी भाषांतरकाराच्या मेजावर आणि तेथून अभ्यासकाच्या कपाटात झाला आहे. साहित्याच्या इतिहासात त्याला अध्याय सोडाच, बहुधा तळटीपही मिळत नाही. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

या आत्मवृत्तात रामोश्यांविषयी काय आहे? तक्रार आहे. त्यांना लुटीत रस आहे, कार्यात नाही. लूट हाती येताच वाटणी मागतात, वाटणी मिळताच घराकडे पाय वळवतात. मोठे उद्दिष्ट त्यांच्या ध्यानात येत नाही. फडक्यांचा वैताग ठायी ठायी दिसतो आणि तो खोटा आहे असे म्हणण्याचे आम्हांस काहीच कारण दिसत नाही. ज्याने घरदार, नोकरी, संसार सोडला त्याला बरोबरचा माणूस रात्रीच्या कमाईचा हिस्सा मागू लागला तर दुसरे काय वाटणार? परंतु इतिहासकारांनी हा वैताग उचलून त्याचा निष्कर्ष केला. ‘रामोश्यांच्या लोभामुळे फडक्यांचे बंड फसले’ हे वाक्य थोड्याफार फरकाने इतक्या ठिकाणी आढळते की ते मूळ कोणाचे हे विचारण्याची कोणास गरज वाटत नाही. ते मूळ फडक्यांचे आहे. एका सहकाऱ्याने दुसऱ्या सहकाऱ्यांविषयी, त्यांच्या अपरोक्ष, निराशेच्या क्षणी केलेले ते विधान आहे. कचेरीत असे विधान कोणी कोणाविषयी केले तर आपण निदान दुसऱ्या बाजूचा खुलासा मागवतो.

दुसऱ्या बाजूचा खुलासा काय असू शकला असता? आम्ही तो दौलतरावांच्या तोंडी घालणार नाही. तेवढा अधिकार कादंबरीकाराला असतो, आम्हांस नाही. मात्र परिस्थिती तपासता येते. फडक्यांना पंधरा वर्षे महिन्याच्या महिन्याला सरकारी तिजोरीतून पगार मिळत होता. पगारदार माणसाच्या लेखी काम आणि मोबदला या दोन वेगळ्या गोष्टी होऊन बसतात. काम आज करायचे, मोबदला ठरल्या तारखेला कोठून तरी येतो. रामोश्यांच्या जगात असे कोठून तरी काही येत नव्हते. पूर्वी राखणीचा हक्क होता, म्हणजे गावाने धान्य द्यायचे. तो गेला. दुष्काळाची दोन वर्षे नुकतीच उलटली होती. ज्या घरातला कर्ता माणूस रानात फिरतो आहे त्या घरच्या चुलीसाठी वाटणीखेरीज दुसरे साधन कोणते होते? फडक्यांच्या हिशेबी लूट हे भांडवल होते आणि रामोश्यांच्या हिशेबी ती मजुरी होती. एकाच रकमेकडे दोघे दोन खात्यांतून पाहत होते. हिशेब तपासण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हा फरक दिसू नये याचे आम्हांस प्रथम नवल वाटले. मग वाटले, की दिसला नाही तो त्या नोकरीमुळेच. रसदखात्याच्या बिलावर बैलाचा खर्च लिहिलेला असतो, बैलवाल्याच्या घरचा नसतो.

आणखी एक गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. याच मुलखात चार वर्षांपूर्वी, मे १८७५ मध्ये, सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला होता आणि ठिकठिकाणी त्यांनी पैशापेक्षा कर्जरोखे हस्तगत करून जाळण्यावर भर दिला होता. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते त्यांना कागदाची ताकद नेमकी ठाऊक होती. फडक्यांची निष्ठा कागदावर होती. जाहीरनामा काढावा, गव्हर्नर टेंपलला धमकी द्यावी, आत्मवृत्त लिहावे, रोजनिशी ठेवावी. पोलीस मागावर असताना रोजनिशी ठेवणारा हा माणूस पाहून त्यांचे रामोशी सहकारी काय म्हणत असतील? त्यांच्या दृष्टीने तो कागद म्हणजे स्वतःच्या हाताने तयार केलेला पुरावा होता. आणि झालेही तसेच. ही गोष्ट आम्ही फडक्यांना उणे लेखण्यासाठी सांगत नाही. ते कागद नसते तर हा लेखही नसता. पण व्यवहारातले शहाणपण कोणाकडे होते हे या एका बाबतीत तरी सरळ आहे.

आता पळस्पे. १८७९ च्या मे महिन्यात, १०-११ तारखेला, दौलतराव आपली माणसे घेऊन घाट उतरले आणि पळस्पे व चिखले येथे दरोडे पडले. लाखाहून अधिक रुपयांचा ऐवज लुटला गेल्याचे सांगितले जाते. धामारीला जे काही हाती लागले होते ते या मानाने फारच थोडे होते, हे पाहता या धाडीचा आवाका कळतो. तीनच दिवसांत, १३ मे रोजी, पुण्यातले बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा आगीत सापडले, आणि कोकणातील दरोडे व पुण्यातील आगी यांची सांगड घालून सरकार हबकले. पुण्यातल्या प्रतिष्ठितांवर संशयाचे सावट आले. इंग्रजी वर्तमानपत्रांनी ब्राह्मणांच्या कटाचा गवगवा केला. या साऱ्या गदारोळात ज्याने प्रत्यक्ष घाट उतरून काम केले त्याच्या नावाची चर्चा सर्वांत कमी झाली. दौलतराव लूट घेऊन घाटमाथ्याकडे परतत असताना मेजर डॅनियलच्या तुकडीने त्यांना गाठले आणि त्या चकमकीत ते गोळी लागून पडले.

फडक्यांच्या बंडाचा कणा येथे मोडला, यावर सर्वांचे एकमत आहे. पुढे त्यांनी निजामाच्या मुलखात रोहिल्यांची जमवाजमव करण्याचा खटाटोप केला. डॅनियल आणि निजामाच्या पोलिसांतला अब्दुल हक मागावर होतेच. २० जुलै १८७९ च्या रात्री कलादगी जिल्ह्यातल्या देवर नावदगी येथे ते पकडले गेले. पुण्यात खटला चालला, जन्मठेप झाली, एडनला रवानगी झाली, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच मृत्यू आला. हा भाग परिचित आहे, म्हणून आवरते घेतो.

आम्हांस खटकते ते असे. कणा मोडला असे आपण ज्याच्या मृत्यूविषयी म्हणतो, त्याचाच गट लोभी आणि कार्यापासून अलिप्त होता असेही आपणच म्हणतो. ही दोन विधाने एकाच पानावर सुखाने नांदतात. आणि त्यांना नांदू देण्यात व्याकरणही हातभार लावते. मराठीत माणसाविषयी लिहायचे तर ‘तो’ की ‘ते’ हे ठरवल्यावाचून पुढे जाता येत नाही. इंग्रजीत लिहिणाऱ्याला ही पळवाट आहे, आपल्याला नाही. फडके ‘पकडले गेले’ आणि दौलतराव ‘मारला गेला’. या दोन क्रियापदांतले अंतर विद्यार्थ्याच्या कानावर एवढ्या लहानपणी पडते की त्याला ते अंतर म्हणून जाणवतच नाही. नावाचीही तीच तऱ्हा. कुठे दौलतराव नाईक, कुठे नुसते दौलता रामोशी. वर्गात हा काळ शिकवताना आम्ही स्वतः अनेक वर्षे ‘दौलतराव मारला गेला’ असेच म्हणत आलो. एका तासाला म्हणता म्हणता थबकलो आणि वाक्य बदलले, तेव्हा समोरच्या मुलांना वाटले की गुरुजींची जीभ अडखळली.

लिखित साधनांचा अभाव हे याचे कारण म्हणून सांगितले जाईल, आणि ते काही अंशी बरोबरही आहे. पण उमाजींचे काय? त्यांच्या नावाचा १८३१ चा जाहीरनामा सांगितला जातो. त्यांच्याशी बोलून लिहिलेले मॅकिंटॉशचे पुस्तक आहे. तो शत्रूचा ग्रंथ खरा, पण त्यात माणूस दिसतो, कारण तो जिवंत पकडला गेला आणि पकडणाऱ्याला त्याच्याशी बोलण्याची जिज्ञासा होती. दौलतराव जिवंत हाती लागले नाहीत. त्यांची जबानी झाली नाही, त्यांच्या बाजूने वकील उभा राहिला नाही. फडक्यांसाठी सार्वजनिक काका आणि महादेव चिमणाजी आपटे यांच्यासारखी माणसे न्यायालयात उभी राहिली. तीही एका अर्थी जुन्या सहकार्याची परतफेडच होती. शाळा आणि सभा यांतून जोडलेले संबंध न्यायालयापर्यंत पोचले. रानात जोडलेल्या संबंधांना पोचायला असे ठिकाणच नव्हते. म्हणून या नात्याचा एकमेव साक्षीदार फडकेच उरतात, आणि एकमेव साक्षीदार वैतागलेला असेल तर त्याची साक्ष त्या वैतागासह वाचावी लागते.

एक प्रश्न राहतो, आणि रोडपालीला परतताना पळस्पे फाट्यावर गाडी अडकली की तो हटकून समोर येतो. दौलतराव लूट घेऊन घाट चढत होते. त्या लाखभर रुपयांचे पुढे काय व्हायचे होते? फडक्यांच्या तक्रारीप्रमाणे पाहिले तर ती रक्कम वाटून घेऊन माणसे आपापल्या गावी पांगणार होती. तसे असते तर वाटणी कोकणात रानामध्ये उरकून दोघे-तिघे निरनिराळ्या वाटांनी निघून जाणे अधिक सुरक्षित होते. एवढा ऐवज एकत्र ठेवून, तुकडी न फोडता, सरकारी फौज मागावर असताना घाट चढण्यात जिवाला धोका होता आणि जीव गेलाही. ती रक्कम फडक्यांकडेच चालली होती असे यावरून सिद्ध होत नाही, हे आम्ही जाणतो. दौलतरावांच्या गावी त्यांची वाट पाहणारेही कोणी असेल. पण घाटात ती तुकडी एकत्र चालत होती, एवढे मात्र डॅनियलच्या गोळीनेच नोंदवून ठेवले आहे.